सात इंची भोक

भोक आरपार गेलं तेव्हा मशीनभोवती पाचसहा जण जमले होते. मी हँडल वर घेतलं, पाइपात अडकलेली रबराची जाड चकती ढकलून बाहेर काढली आणि फोम उभा धरून सगळ्यांना दाखवला. पाच इंच जाडीचा कडक रबर फोम आणि मधोमध सात इंची भोक. वर सात, मध्ये सात, खाली सात. कड अशी की बोट फिरवलं तर कुठे अडकायला नको.

"मगदूम," आमचा फोरमन ईराप्पा म्हणाला, "आभाळाला पण भोक पाडशील लेका तू."

"मापाचं पाडीन," मी म्हणालो.

सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

ज्यांनी फोम कधी कापलेला नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. लाकूड, लोखंड जागचं हलत नाही, म्हणून त्याला भोक पाडणं सोपं. रबर दाबलं की दबतं आणि हात काढला की पुन्हा फुगतं. कापताना सगळं सरळ दिसतं आणि सोडल्यावर बघावं तर भोकाला मध्येच कंबर आलेली असते, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. कुपवाडच्या आमच्या शॉपमध्ये नाजूक उपकरणांच्या पेट्या बनायच्या आणि त्यांच्या आतल्या फोमला भोकं पाडायचं काम माझ्याकडे होतं. पाइपाला धार लावायची ती आतल्या बाजूनं, म्हणजे बाहेरची भिंत सरळ कापली जाते. धारेला साबणाचं पाणी लावायचं, खाली प्लायवूड ठेवायचं आणि मुख्य म्हणजे दाबायचं नाही. पाइप आपल्या वजनानं उतरू द्यायचा. हे सांगायला सोपं आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसं शिकून गेली, पण साफ कड एकालाही जमली नाही. हे मी तेव्हा चारचौघांत सांगायचो.

सात इंची पाइप मात्र शॉपमध्ये नव्हता. बोअरच्या केसिंगचा तुकडा आणला, लेथवर त्याला धार काढली, वर मशीनमध्ये बसवायला शँक वेल्ड केला. फोम पाण्यात भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या कारखान्यात एक दिवस ठेवला. गारठलेलं रबर कमी दबतं. बर्फवाला म्हणाला, "मासळी ठेवत्यात, आइस्क्रीम ठेवत्यात, गादी काय पयल्यांदाच बघालोय." मी त्यालाही अभिमानानं सांगितलं, की माझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठी आहे.

माझी धाकटी बहीण पद्मा आत्तीच्या घरात दिली होती. आत्ती म्हणजे वडिलांची सख्खी बहीण. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मुलगी देतात, त्यात नवीन काही नाही. मुलगी लांब जात नाही, घरातल्या घरात राहते, असं सगळे म्हणतात. सून झाली की ती भाची राहत नाही, हे कुणी म्हणत नाही.

तिचा नवरा सुकुमार त्या वर्षी उसाच्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला आणि कमरेखालून गेला. दोन महिने मिरजेला दवाखान्यात होता. मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. निघताना बजावलं, की याला कमरेखाली काही कळत नाही, त्यामुळे टोचलं तरी सांगणार नाही. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पद्मानं गजराचं घड्याळ आणलं. पाच महिने ती बाई दोन तासांच्या वर सलग झोपली नव्हती. नव्वद किलोचा माणूस एकटीनं वळवायची, पाठीला पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची. तरी माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम झालीच.

जखम दिसली तशी मला कल्पना सुचली. जिथे जखम, तिथे गादीच नको. भोक ठेवलं की जखम अधांतरी राहील, कशालाच लागणार नाही. माझ्या शॉपमध्ये काचेची नळी प्रवासात फुटू नये म्हणून आम्ही हेच करत होतो.

रविवारी मी तो फोम घेऊन कृष्णेपलीकडे त्यांच्या गावी गेलो. कॉटवरच्या गादीचे तीन तुकडे केले होते. मधला काढून तिथे माझा बसवला. पद्मानं आणि मी सुकुमारला उचलून वर ठेवलं. जखम बरोबर भोकावर आली.

"कसं वाटतंय दाजी?"

"मला काय कळतंय?" तो हसून म्हणाला. "पण तू केलास म्हंजे बेस्टच असणार."

आत्तीनं शेजारच्या बायका बोलावून आणल्या. सुकुमारला कुशीवर करायला लावलं आणि चादर वर करून भोक दाखवलं. "माझ्या भाच्यानं केलंय. विकत मिळायचं न्हाई असलं. माझ्या म्हायेरचं रगात हाय ते." एका बाईनं भोकात हात घालून बघितला. त्रिशला, माझी सहा वर्षांची भाची, तिनं त्यातून डोकं काढून बघायचा हट्ट धरला होता, तो आधीच पुरवून झाला होता.

बायका गेल्यावर पद्मा कॉटपाशी वाकली. चादरीखाली हात घालून तिनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता कौतुक करणार.

"दादा, कड जरा रुतंल का रे ही?"

"म्हणजे?"

"लई उभी हाय. धारंवर बसल्यागत होईल त्यांना. जरा तासून उतरती केलीस तर?"

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. "अगं, अशी उभी साफ कड पाडायला मला तीन दिवस लागले. आणि तू म्हणतीस तास? लोकं असल्या कडेसाठी पुण्यास्नं येतात माझ्याकडं."

"तसं न्हाई रे. मी रोज वळवते त्यांना. कातडं कसं झालंय ते मला हाताला कळतंय."

"तुला फोममधलं काय कळतंय?"

आत्ती बाहेरच्या सोप्यातून ओरडली, "भावानं हाडाची काडं करून आणलंय, त्यात पण खोड काढ! तुला कशाचंच कौतुक न्हाई बघ."

पद्मानं हात काढून घेतला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस विंचरलेले नव्हते. मला तिची कणव आली. खोटं कशाला सांगू, कणवच आली होती. म्हणून मी मोठेपणानं म्हणालो, "हे बघ, आता दर दोन तासांनी उठायची गरज न्हाई. जखम कशाला टेकतच न्हाई तर वळवायचं कशाला? रात्रीचा गजर बंद कर. झोप जरा."

"डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टर साध्या गादीचं सांगत होता. ही त्यानं बघितल्या का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी सायकल शिकवताना, मी मागून धरलंय असं सांगितल्यावर बघायची तसं. मग मान हलवली.

त्यानंतर सतरा दिवसांनी शॉपमध्ये फोन आला. आत्तीचा आवाज होता. "ये लगोलग. सुकुमारला ताप हाय. जखम बघवंना."

मी गेलो तेव्हा दारात वायदंडे सिस्टर उभी होती. मिरजेहून ड्रेसिंगला यायची ती. मधे ती रजेवर होती आणि तिच्या जागी गावातला कंपाउंडर वरच्यावर पट्टी बदलून जात होता. सकाळी ती महिन्यानं आली होती. चपला घालता घालता ती मला म्हणाली, "मगदूम तुम्हीच ना? जरा बाहेर या."

आम्ही गोठ्यापाशी उभे राहिलो.

"ती भोकाची गादी तुम्ही केली?"

"हो."

"काढा ती आज. आत्ता." तिनं माझ्या मनगटाभोवती दोन बोटांची कडी करून गच्च आवळली. "असं झालंय बघा. सगळं वजन गोल कडेवर येतंय. कडेनं रक्त अडवलं, मधल्या मांसाला काही पोचतच न्हाई. पार बांगडीसारखा काळा वळ उठलाय त्यांना. मधलं सगळं मेलंय. हाड दिसतंय."

माझा पंजा पांढरा पडत चालला होता. तिनं सोडलं तेव्हा मुंग्या आल्या.

"आणि कूस बदलणं बंद केलं होतं म्हणे. का, तर गादी आहे म्हणून. आत तुमच्या आत्या सुनेच्या नावानं खडे फोडायला लागल्यात. हे तुम्ही सांगा घरात. मी बाहेरची बाई. मी सांगितलं तर म्हणतील, सुनेनं पढवलंय. तुमचं ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की सांगा."

"सांगतो म्हटलं की."

मी आत गेलो. खोलीत वास होता. पद्मा आणि मी सुकुमारला कुशीवर वळवलं आणि मी फोम ओढून काढला. धुवायला नेतो, असं म्हणालो. पद्मानं तिथे गादीचा जुना तुकडा सरकवला. सुकुमार तापात होता, तरी म्हणाला, "तुझी गादी खराब झाली रे भूपाल." मी मागच्या दारी जाऊन फोम उसाच्या पाल्याखाली टाकला. खरं म्हणजे लपवला.

दुपारी सोप्यात सगळे बसले. सुकुमारचे चुलते आण्णाप्पाकाका भिंतीला टेकून, त्यांच्यासमोर आत्ती, दाराशी मी. पद्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. आण्णाप्पाकाकांचा शब्द त्या घरात शेवटचा असे.

"गाडी सांगितल्या," काका म्हणाले. "मिरजेला न्यायचं. त्याच्यासंगं वहिनी राहतील."

"मी राहते की," पद्मा म्हणाली.

"तू?" आत्ती वळली. "तू काय करणार? घरात तुझ्याच्यानं झालं न्हाई ते तिथं करणार व्हय? घड्याळ आणलं होतं म्हणं गजराचं. पंधरा दिवस झालं, एकदा वाजलेलं मी ऐकलं न्हाई. घोरत पडत होतीस. माझं पोरगं कुजत होतं आणि तू घोरत होतीस!"

काकांनी हात वर केला. "थांबा वहिनी. पद्मा, खरं सांग. कूस बदलत होतीस का न्हाईस?"

"आधी बदलत होते. मग न्हाई."

"का?"

आता ती माझं नाव घेणार. तिला घेऊ दे, मी हो म्हणेन, असं मी मनाशी ठरवलं. हे ठरवल्याचं मला पक्कं आठवतं, कारण पुढे कित्येक वर्षं मी त्याच आधारावर स्वतःला बरा माणूस म्हणत आलो.

पद्मानं माझं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "दादा सांगंल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्ती डोळे पुसत होती. तिच्या नजरेत माझ्याबद्दल एवढी माया होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो होतो गजर बंद कर. आणि गादीनंच जखम वाढवली. अकरा माणसांना शिकवणारा मी, आभाळाला भोक पाडणारा मी.

"आता झालं ते झालं," मी म्हणालो. "ती पण दमल्या. माणूसच हाय. तिला आठ दिवस मी घेऊन जातो, जरा इश्रांती मिळंल."

माझ्या कानांना ते समंजस वाटलं. आण्णाप्पाकाकांनी मान डोलावली. "बघ, भाऊ असून झाकपाक केली न्हाई. दमली, झोपली, हे त्यानं पण कबूल केलं." मग ते पद्माकडे वळले. "जा दादासंगं. पोरगी हितंच राहील. बोलवणं पाठवू तवा ये."

पद्मा उंबऱ्यात तशीच उभी होती. ती रडली नाही. माझ्याकडे मात्र बघत राहिली, आणि बघायची थांबली ती एकदमच. आत जाऊन तिनं दोन लुगडी पिशवीत भरली. त्रिशला तिच्या मागे मागे येत होती, तिला आत्तीनं कडेवर उचललं आणि माडीवर नेलं.

बोलावणं आलं ते बाविसाव्या दिवशी, सुकुमार गेल्याचं. आम्ही पोचेपर्यंत आंघोळ घालून झाली होती. पद्माला पायांशी बसवलं, डोक्याशी नाही. आत्ती मला गळामिठी घालून रडली. जमलेल्या बायकांना सांगत होती, "ह्यानं माझ्या पोरासाठी गादी केली हो हातानं. आणि घरचीनं..." पुढचं ती बोलली नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

दिवसकार्य झाल्यावर पद्मा तिथेच राहीन म्हणाली. आत्ती म्हणाली, माझ्या डोळ्यांसमोर नको. त्रिशलाला दिलं नाही, सुकुमारची तेवढीच खूण म्हणून. कोर्टकचेरी कर, असं मी पद्माला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "साक्षीला कोण येणार? तू?" तेव्हा मला ते नुसतं रागातलं बोलणं वाटलं. वर्षभर ती माझ्याकडे राहिली. मग मिरजेला एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि तिथेच खोली घेतली. तिला वॉर्ड मिळाला तो अंथरुणाला खिळलेल्यांचा. ती दर दिवाळीला गावी जायची, त्रिशलाला दारातून बघायची, फराळाचा डबा देऊन यायची. पोरगी मोठी होत गेली तसतशी ती दारातही येईनाशी झाली. "आईनं बाबांना बघितलं न्हाई," असं ती दहा वर्षांची असताना मला स्वतः म्हणाली होती. मी तिला गप्प केलं. खरं मात्र सांगितलं नाही.

पंधरा वर्षांनी त्रिशलाचं लग्न ठरलं. आत्ती आता वाकली होती, तरी स्वतः कुपवाडला येऊन तिनं मला कुंकू लावून पत्रिका दिली. निमंत्रकात तिचं नाव, काकांचं नाव. मामा म्हणून माझं नाव ठळक अक्षरांत. पद्माचं नाव कुठेच नव्हतं.

ती पत्रिका घेऊन मी मिरजेला गेलो. पद्मा ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पाय सोडून बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पंधरा वर्षं जे तोंडात धरून होतो ते सगळं एका दमात सांगितलं. सिस्टर काय म्हणाली, कड, काळा वळ, पाल्याखाली टाकलेला फोम. शेवटी म्हणालो, "मी उद्या जातो गावात. आत्तीला सांगतो, त्रिशलाला सांगतो. सगळ्यांच्या समोर सांगतो."

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मला ठाऊक हाय हे," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"त्याच दिवशीपासनं. सिस्टरनं आधी मलाच सांगितलं, तू यायच्या आधी. वळ दाखवला. ती म्हणाली, मी बोलते सासूशी. मीच नको म्हटलं. म्हटलं, माझा भाऊ यायलाय, त्याला सांगा. तो सांगंल घरात." ती थांबली. "म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडनं कळलं तर त्याची मान खाली जाईल. त्यानं स्वतः सांगितलं तर मान राहील त्याची."

खोलीत पंखा फिरत होता. मला वर बघवेना.

"तू का बोलली न्हाईस मग? सोप्यात?"

"बोलले की. दादा सांगंल म्हटलं."

मी म्हणालो, "उद्या सांगतो मी. लग्नाआधी. तुला मांडवात मानानं..."

"न्हाई," ती म्हणाली. पंधरा वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "आता एक अक्षर बोलायचं न्हाईस तू. तिला बाप न्हाई. आई हाय ती नसल्यासारखी. लगीन होऊन परक्या घरात चालल्या. वाईटवकट झालं तर धावून जायला तिला एक मामा हाय, त्याच्यावर तिचा जीव हाय. आता तो पण काढून घेऊ व्हय मी तिचा?"

"पण पद्मा, तुझं..."

"माझं बोलायचं होतं तवा बोलला न्हाईस. आता तिचं बघ."

तिनं पत्रिका उचलली, एकदा पूर्ण वाचली आणि मला परत दिली.

लग्नाच्या दिवशी त्रिशलाला मांडवात मी घेऊन गेलो. खोलीच्या दारात ती थांबली, माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि डोळे भरून म्हणाली, "मामा, बाबांसाठी त्या घरात खरं कुणी काय केलं असंल तर ते तुम्हीच."

बाहेर सगळे वाट बघत उभे होते. मी म्हणालो, "चल बाळ, लोकं खोळंबल्यात."